बंदी (शब्द)

बंदी हा मराठीतील अनेकार्थी शब्द आहे. एखादी गोष्ट करू नये असा आदेश आणि तुरुंगात ठेवलेली व्यक्ती हे त्याचे दोन प्रमुख अर्थ होत. इंग्रजीतील ‘प्रोहिबिट’ या क्रियापदाचा आशय मराठीत बहुधा ‘बंदी घालणे’ किंवा ‘मनाई करणे’ अशा शब्दप्रयोगांनी व्यक्त केला जातो.

व्युत्पत्ती

आदेश या अर्थाच्या ‘बंदी’चा संबंध फारसी ‘बंद’ या शब्दाशी आहे. हा शब्द, संस्कृत ‘बन्ध्’ हा धातू आणि इंग्रजी ‘बाइंड’ हे क्रियापद एकाच मुळातून आले आहेत. इंग्रजी ‘बॅन’ उच्चाराने जवळचा वाटला, तरी त्याचे मूळ ‘बोलणे, जाहीर करणे’ या अर्थाचे व निराळे आहे. ‘मनाई’ हा शब्द मूळ अरबी ‘मना’वरून आला. ‘प्रोहिबिट’च्या लॅटिन मुळाचा अर्थ ‘अडवून धरणे’ असा होतो.

व्याकरण

आदेश या अर्थी ‘बंदी’ स्त्रीलिंगी असून तिची सामान्यरूपे ‘बंदीला’, ‘बंदीचा’ अशी होतात. कैदी या अर्थी ‘बंद्याला’, ‘बंद्यांना’ अशी रूपे वापरली जातात. वाक्यात ‘धूम्रपानास मनाई आहे’ किंवा ‘धूम्रपानावर बंदी आहे’ अशी रचना येते.

अर्थच्छटा

‘प्रोहिबिट’चे दोन अर्थ आहेत: अधिकाराने मना करणे आणि परिस्थितीने अशक्य करणे. ‘बंदी घालणे’ यातून केवळ पहिला अर्थ निघतो. दुसऱ्यासाठी ‘अटकाव होणे’ असे म्हणावे लागते. ‘प्रतिबंध’ या शब्दात मात्र मनाई व पूर्वदक्षता दोन्ही येतात. म्हणून ‘प्रतिबंधक लस’ रोग टाळते, तर १९६१ च्या हुंडाविषयक कायद्याचे इंग्रजी नाव मनाई सांगणारे असूनही तो मराठीत ‘हुंडा प्रतिबंधक कायदा’ म्हणून ओळखला जातो. बंदी नेहमीच सरसकट असते असेही नाही. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमातच परवान्यांची तरतूद आहे.

येरवड्यातील वापर

महाराष्ट्राच्या कारागृह प्रशासनात शिक्षा झालेल्यास ‘सिद्धदोष बंदी’ आणि खटला चालू असलेल्यास ‘न्यायाधीन बंदी’ म्हणतात. बोलीत त्यांना अनुक्रमे ‘पक्का कैदी’ व ‘कच्चा कैदी’ म्हटले जाते. पुण्यातील येरवडा मध्यवर्ती कारागृहातही हीच परिभाषा वापरली जाते.

या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र आल्याचे उदाहरण याच कारागृहात आढळते. १९३० मध्ये येथे बंदी असताना महात्मा गांधींनी आश्रमवासीयांना व्रतांविषयी गुजराती पत्रे लिहिली. या तुरुंगाला ते ‘येरवडा मंदिर’ म्हणत. बंद्याला राजकीय विषयावर लिहिण्यास मनाई होती. राजकारणाला स्पर्श न करता स्वदेशीला न्याय देता येणार नाही, असे वाटल्याने त्यांनी त्या व्रतावर तुरुंगात लिहिले नाही. ते प्रकरण त्यांनी १९३१ मध्ये सुटकेनंतर लिहिले. येथे मनाई केवळ बाहेरून लादलेली राहिली नाही. बंद्याने ती स्वतःहून पाळली.