हाडाची पूड कोणाची?

गोष्ट आमच्या दारव्ह्यातली. आईची दाढ काढायची होती. डॉक्टर म्हणाले, "खड्ड्यात हाडाची पूड भरू." आईनं लगेच विचारलं, "कोणाचं हाड?"

दाढ काढली की जबड्याचं हाड झिजतं. वर्षभरात तिथली रुंदी साधारण निम्मी होते. आमच्या आजीची कवळी म्हणूनच बसेना. पुडीनं झीज थांबत नाही, पण कमी होते.

१८९२ मध्ये जर्मनीत ड्रीसमान या डॉक्टरांनी हाडातली पोकळी चक्क प्लास्टर ऑफ पॅरिसनं भरली. ते मात्र लवकर विरघळतं. १९६५ मध्ये अमेरिकेत मार्शल युरिस्ट यांनी हाडातलं कॅल्शियम ॲसिडनं काढलं आणि उरलेला भाग प्राण्यांच्या स्नायूत ठेवला. तिथं चक्क नवं हाड तयार झालं!

१९८८ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलात टिश्यू बँक सुरू झाली. खुब्याचा सांधा बदलताना निघालेलं, एरवी फेकलंच जाणारं हाड तिथं दान करता येतं. मग तपासण्या, सुकवणं, गॅमा किरणांनी निर्जंतुक करणं.

हे सगळं आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे रक्तदानासारखंच ना? मग भरू दे."