सीमारेषेबाहेरचा कर्णधार

बंगळूरची चिकपेट आज रेशमी साड्यांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. १६३८ नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांचा गौरीमहाल चिकपेटेतच होता, असे सांगतात. १६८७ मध्ये ते मोगलांनी घेतले व पुढे म्हैसूरच्या वोडेयरांकडे गेले. मराठी अंमल सरला. मराठी घरे मात्र राहिली, आणि पुढच्या काळात नोकरीनिमित्त आलेल्यांनी त्यांत भर घातली. अशाच एका घरात राहुल द्रविड वाढले. जन्म इंदूरचा, १९७३ चा; वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब बंगळूरला आले. घरची भाषा मराठी, खेळ कर्नाटकाचा.

त्यांच्या १६४ कसोट्या आणि १३,२८८ धावा सर्वांस ठाऊक आहेत. आम्हांस येथे विचार करावयाचा आहे तो कर्णधार आणि प्रशिक्षक यांतील अंतराचा. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा मैदानावरील सूत्रधार; पण चाल बहुधा ठरते ती मैदानाबाहेरच्या प्रशिक्षकाच्या मुखाने. तेथे क्वार्टरबॅक प्रशिक्षक झाला, तर त्याचा अधिकार वाढतो. क्रिकेटमध्ये नेमके उलट आहे. चेंडू कोणाच्या हाती द्यावा, क्षेत्ररक्षक कोठे उभा करावा, हे कर्णधार ठरवितो. तो प्रशिक्षक झाला की सीमारेषेबाहेर बसून दुसऱ्याचे निर्णय पाहणे त्याच्या वाट्यास येते.

द्रविडांच्या नेतृत्वाखाली भारताने २००६ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये कसोटी मालिका जिंकली. १९७१ मधील अजित वाडेकरांच्या विजयानंतर तेथे मिळालेले हे पहिलेच मालिकायश. परंतु २००७ च्या विश्वचषकात त्याच वेस्ट इंडीजमध्ये बांगलादेश व श्रीलंका यांच्याकडून हार पत्करून संघ पहिल्याच फेरीत बाद झाला. त्याच वर्षी इंग्लंडमधील मालिका जिंकून त्यांनी कर्णधारपद आपणहून सोडले.

निवृत्तीनंतर त्यांनी आरंभ केला तो मुलांपासून. त्यांनी घडविलेल्या १९ वर्षांखालील संघाने २०१८ मध्ये विश्वचषक जिंकला. तेव्हा प्रशिक्षकाला ५० लाख आणि सहायकांना २० लाख रुपये जाहीर झाले. द्रविडांनी हा भेद मान्य केला नाही. अखेर सर्वांना प्रत्येकी २५ लाख मिळाले. बाहेर बसणाऱ्याचे मोठेपण कशात असते, हे यावरून कळावे.

२०२१ मध्ये ते भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादेत अंतिम सामना हरला. पुढे २९ जून २०२४ रोजी वेस्ट इंडीजमधील ब्रिजटाऊन येथे रोहित शर्मांच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवून टी-ट्वेंटी विश्वचषक मिळविला. चषक हाती येताच सदैव संयमी असणाऱ्या द्रविडांनी मोठ्याने आरोळी ठोकली. त्या सामन्यात त्यांनी ना धाव काढली, ना गोलंदाज बदलला.

परमुलखात नोकरी करणाऱ्या आम्हां मंडळींस यात आपलेसे वाटावे असे पुष्कळ आहे. अधिकार बदलीबरोबर जातो. घडविलेली माणसे मागे उरतात.