रथ नेमका कुठे आहे?



वर्षावासात आमच्या विहारात 'मिलिंद प्रश्न' या ग्रंथाचे वाचन होते. रथाचा प्रसंग आला की पुढे बसलेली पोरे हमखास हसतात. पण त्या हसण्यामागे फार जुना वाद दडलेला आहे. तो तुमच्या-आमच्या जगण्याला किती जवळून भिडतो, हे सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात वायव्य भारतावर मिनँडर हा ग्रीक राजा राज्य करीत होता. त्यालाच आपण मिलिंद म्हणतो. भिक्खू नागसेनांनी त्याला सांगितले की नागसेन हे नुसते बोलण्यापुरते नाव आहे, त्यामागे कायमचा असा कुणी 'नागसेन' सापडायचा नाही. राजा गडबडला. तेव्हा नागसेनांनी विचारले, महाराज, आपण रथातून आलात ना? मग दांडी म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? चाके? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला. अखेर त्याने कबूल केले की हे सारे भाग एकत्र आले म्हणून 'रथ' हे नाव चालते. औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालयाला मिलिंदाचे आणि तिथल्या परिसराला नागसेनांचे नाव आहे, ते याच दोघांचे.

आता गंमत पाहा. मिलिंदाच्या दोनशे वर्षे आधी ग्रीसमधील अथेन्स नगरीत प्लेटो हा तत्त्वज्ञ होऊन गेला. मराठीत आपण झकास गोष्टीला 'अफलातून' म्हणतो, तो शब्द त्याच्याच अरबी नावावरून आला. त्याचे म्हणणे असे : सुतार पलंग करतो, तो मोडतो, कुजतो, पण पलंगाचे एक आदर्श रूप आहे, ते कधी मोडत नाही. सुताराचा पलंग ही त्याची नक्कल. खरे ते रूप, डोळ्यांना दिसते ती सावली.

आपल्या देशातही न्याय आणि मीमांसा या शास्त्रांचे पंडित काहीसे असेच म्हणत. हजार गायी वेगवेगळ्या, तरी सगळ्यांत 'गोत्व' नावाची एकच नित्य वस्तू आहे, म्हणून आपण प्रत्येकीला गाय म्हणतो. या वस्तूला त्यांनी दिलेला शब्द होता 'जाति'. वाचकहो, हा शब्द नीट ध्यानात ठेवा.

बौद्ध आचार्य दिङ्नाग (पाचवे-सहावे शतक) आणि धर्मकीर्ती (सातवे शतक) यांनी यालाच हात घातला. दिङ्नाग म्हणाले, डोळ्यांना दिसते ती ही गाय, ती गाय, एकेकटी. 'गाय' हा सामान्य अर्थ बुद्धी घडवते. जे गाय नाही ते बाजूला सारून. यालाच 'अपोह' म्हणतात. यावर मीमांसक कुमारिल भट्टांनी सवाल टाकला : गाय ठाऊक नसताना 'गाय नाही ते' कसे ओळखणार? सवाल बिनतोड वाटावा असाच आहे, आणि तो टाळून चालत नाही. धर्मकीर्तींनी औषधी वनस्पतींचे उदाहरण दिले. गुळवेल आणि इतर काही वनस्पती ताप उतरवतात. म्हणून त्या साऱ्यांच्या पोटात एकच नित्य वस्तू बसलेली असते काय? नाही. वस्तू निरनिराळ्या, काम सारखे. ते सारखे काम अनुभवून आपण एक नाव देतो.

हा केवळ पंडितांचा खेळ होता काय? मुळीच नाही. गोत्व खरे मानले की ब्राह्मणत्वही खरे मानता येते. कुमारिलांनी तसे मानलेच : ब्राह्मणत्व ही जाति आहे आणि मायबापांचे कूळ ठाऊक असले की ती प्रत्यक्ष ओळखता येते. धर्मकीर्तींनी उलट जातीचा गर्व ही जडबुद्धीची एक खूण म्हणून मोजली. त्यांचा 'प्रमाणवार्तिक' ग्रंथ मूळ संस्कृतात आपल्याकडे दुर्मिळ झाला होता. राहुल सांकृत्यायन यांनी 1930 च्या दशकात तिबेटच्या वाऱ्या करून अशा ग्रंथांच्या पोथ्या उजेडात आणल्या.

या विचाराचे बीज मात्र तथागतांच्या वासेट्ठ सुत्तात आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांचा वाद होता, ब्राह्मण जन्माने की कर्माने? भगवंतांनी सांगितले की गवत, झाडे, किडे, मासे, पक्षी यांच्यात जन्मजात वेगळ्या खुणा दिसतात. माणसामाणसांत तशी खूण नाही. तिथे फरक आहे तो नावाचा, व्यवहाराचा. शेती करील तो शेतकरी.

मग कुणी म्हणेल, जात नुसते नाव असेल तर त्याचा एवढा त्रास का? बाबांनो, नावही पाणी तोडते. महाडला 1927 साली चवदार तळ्याचे पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागला, तो या 'नावा'पायीच. पण 1936 साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात बाबासाहेबांनी जात ही विटांची भिंत नसून मनातली धारणा आहे असे मांडले, त्यातच आशाही आहे. वस्तू नित्य असती तर माणसाच्या हाती काहीच उरले नसते. धारणा माणसाने घडवली, ती माणूसच मोडू शकतो. सोपे मात्र नाही. मनातली भिंत कुदळीने पडत नाही.

आणि शेवटी आमच्याच घरची गोष्ट. सोयरीक जुळवताना आम्हीही हळूच विचारतो, "पाव्हणं, तुम्ही मूळचे कोण?" दीक्षा घेतली, लेण्यांना वंदन केले, तरी हा प्रश्न ओठांवर येतोच. पुढच्या वर्षावासात रथाचा प्रसंग वाचताना पोरे हसतील, तेव्हा आपणही स्वतःला विचारू या : दांडी नाही, आस नाही, चाक नाही, मग आम्ही पाव्हण्यात शोधतो ते काय?