रेहेकुरी अभयारण्य आणि दख्खनचा लांडगा

रेहेकुरी अभयारण्य : महाराष्ट्र राज्याच्या अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) जिल्ह्यातील काळविटांसाठी राखून ठेवलेले वन्य प्राण्यांचे अभयारण्य. हे कर्जत तालुक्यात असून त्याची स्थापना १९८० मध्ये झाली. क्षेत्रफळ २·१७ चौ. किमी. रायगड जिल्ह्यातील कर्जतहून हे कर्जत वेगळे होय. क्षेत्राने अत्यंत लहान असले, तरी दख्खनच्या माळरानांचा आणि त्यांवर हिंडणाऱ्या लांडग्यांचा इतिहास समजून घेण्याच्या दृष्टीने या अभयारण्याला विशेष महत्त्व आहे.

भूमी व वनस्पती : कर्जत तालुका भीमा व सीना या नद्यांच्या दरम्यानच्या पठारी प्रदेशात वसला आहे. अष्टविनायकांपैकी सिद्धटेक हे क्षेत्र याच तालुक्यात भीमेच्या काठी आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येत असल्याने येथील पाऊस तुटपुंजा व अनियमित असतो. जमीन हलकी, मुरमाड व ठिकठिकाणी खडकाळ आहे. वनांच्या वर्गीकरणानुसार येथील वन दक्षिण उष्ण कटिबंधीय काटेरी वनांत मोडते. बाभूळ, हिवर, बोर, कडुनिंब ही येथील प्रमुख झाडे असून तरवडाची झुडुपे आणि मारवेल, पवन्या, कुसळी यांसारखी गवते त्यांच्यामध्ये पसरलेली आहेत. महसुली दप्तरांत अशा जमिनींची नोंद बहुधा ‘पडीक’ म्हणून होत आली. वस्तुतः ही जमीन पडीक नसून गवताळ प्रदेशाचे स्वतंत्र परिस्थितिविज्ञान तिला आहे. ही गोष्ट उशिरा ध्यानात आल्याने झालेले नुकसान हा या लेखाच्या विषयाचा एक महत्त्वाचा भाग होय.

साइक्सची नोंद : दख्खनच्या लांडग्याचे पहिले शास्त्रीय वर्णन विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) या लष्करी अधिकाऱ्याने केले. मुंबईचा गव्हर्नर मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याने १८२४ मध्ये त्याची सांख्यिकीय माहिती जमविण्यासाठी नेमणूक केली. त्या निमित्ताने नुकत्याच इंग्रजी अंमलाखाली आलेल्या दख्खनच्या प्रदेशात त्याने दीर्घकाळ प्रवास केला आणि पिके, लोकसंख्या, हवामान यांबरोबरच प्राण्यांच्याही नोंदी ठेवल्या. दख्खनमध्ये पाहिलेल्या सस्तन प्राण्यांची त्याची सूची १८३१ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाली. तीत त्याने या लांडग्याला कॅनिस पॅलिपीझ (‘फिक्या पायांचा’) असे नाव दिले. आज तो कॅनिस ल्यूपस पॅलिपीझ या नावाने ओळखला जातो.

हा प्राणी दख्खनच्या उघड्या, दगडाळ माळांवर विपुल असून घाटांतील रानांत मात्र आढळत नाही, असे साइक्सचे निरीक्षण होते. ते आजही मोलाचे आहे. महाराष्ट्रात अस्वल आणि लांडगा यांची क्षेत्रे सामान्यतः वेगळी पडतात, त्याचा खुलासा यातून होतो. अस्वलाला मोहाची फुले, फळे, वाळवी व मध पुरविणारे झाडीचे रान लागते. त्यामुळे ते मेळघाट, ताडोबा, नागझिरा अशा वनप्रदेशांत दिसते. लांडग्याला मात्र दूरवर नजर पोहोचेल असा मोकळा माळ हवा असतो. कर्जतचा प्रदेश हा अशा मोकळ्या माळांपैकीच एक होय.

शिकार व ऱ्हास : गवताळ माळावरील काळवीट (अँटिलोपी सर्व्हिकॅप्रा) हा राजेरजवाड्यांच्या शिकारीचा आवडता प्राणी होता. शिकवलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार करण्याची प्रथा कोल्हापूर संस्थानात विसाव्या शतकातही चालू होती आणि देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर ते आफ्रिकेतून आणविले जात. भारतातील रानटी चित्त्यांची अखेरची नोंद १९४७ मध्ये कोरिया संस्थानात मारल्या गेलेल्या तीन नरांची असून १९५२ मध्ये चित्ता देशातून नष्ट झाल्याचे जाहीर करण्यात आले. चित्ता गेल्यावर दख्खनच्या माळावर काळविटाची नैसर्गिक शिकार करणारा मोठा प्राणी म्हणून लांडगाच काय तो उरला.

परंतु लांडग्याकडे पाहण्याची शासनाची दृष्टी त्या वेळी शत्रुत्वाची होती. ब्रिटिश अमदानीत वाघ, बिबळ्या, लांडगा इ. प्राणी ‘उपद्रवी’ गणले जात व त्यांना मारणाऱ्यास रोख बक्षीस मिळे. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत भारतात ८०,००० हून अधिक वाघ, १,५०,००० हून अधिक बिबळे आणि सु. २,००,००० लांडगे मारले गेले. वाघाच्या शिकारीला प्रतिष्ठा होती आणि तिची वर्णने लिहिली गेली. लांडगे मात्र बिळांत धूर करून, पिले खणून काढून वा विष घालून मारले जात, व त्यांची स्मृती बक्षिसांच्या हिशेबापुरतीच राहिली.

संरक्षणाचे कायदे : मुंबई राज्यात वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षण अधिनियम १९५१ मध्ये झाला. खरा बदल मात्र केंद्र शासनाच्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्याने घडून आला. काळवीट व लांडगा या दोघांचाही समावेश या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असून त्यांची शिकार हा गंभीर गुन्हा ठरतो. एकाच अनुसूचीत भक्ष्य व भक्षक शेजारी आले, हे या कायद्यामागील नव्या दृष्टीचे द्योतक होय.

याच सुमारास, १९७२ च्या भीषण दुष्काळानंतर, अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली सोलापूर व आसपासच्या भागांत काही माळ चराईपासून राखण्यात आले. मृद्‌संधारण व चारा हे त्यामागील उद्देश होते. तथापि राखलेल्या गवतात माळढोक, काळवीट व लांडगा यांना आसरा मिळाला. १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांतील ८,४९६ चौ. किमी. प्रदेश माळढोक पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्यात नान्नजच्या परिसराबरोबर कर्जत, श्रीगोंदे व नेवासे या तालुक्यांतील प्रदेशही होता. गावे, शेते व रस्ते यांसह एवढा मोठा प्रदेश अभयारण्यात आल्याने जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली व लोकांत दीर्घकाळ असंतोष राहिला. पुढे या अभयारण्याची सीमा सु. १,२२२ चौ. किमी. इतकी आकुंचित करण्यात आली. रेहेकुरीचे छोटे अभयारण्य मात्र १९८० पासून स्वतंत्रपणे टिकून आहे. संरक्षणामुळे तेथील काळविटांची संख्या वाढत जाऊन ती सु. ४०० असल्याचे अंदाज नोंदविले गेले आहेत. चिंकारा, खोकड, कोल्हा, ससा, मुंगूस हे प्राणी आणि चंडोल, तित्तिर इ. पक्षीही येथे आढळतात.

वसंतातील निरीक्षण : माळावरील प्राण्यांच्या निरीक्षणास फाल्गुन ते वैशाख हा काळ अनुकूल असतो. गवत वाळून खाली बसलेले असते, झुडुपांची पाने विरळ होतात आणि पाणी थोड्याच ठिकाणी उरल्याने प्राणी तेथे येतात. फेब्रुवारी-मार्च हा काळविटांच्या माजाच्या काळांपैकी एक होय. या दिवसांत काळेभोर नर आपापली जागा राखून उभे राहतात व परस्परांशी झुंजतात.

लांडग्यांची जुगण्याची वेळ पावसाळ्यानंतरची असून गर्भावधी सु. दोन महिन्यांचा असतो. बहुतेक पिले हिवाळ्यात, ओढ्याच्या काठी खणलेल्या वा कोल्ह्या-खोकडांची जुनी बिळे रुंद करून केलेल्या बिळांत जन्मतात. वसंतापर्यंत ती बिळाबाहेर खेळू लागतात आणि कळपातील मोठे लांडगे शिकार करून आणलेले मांस ओकून त्यांना भरवितात. पहाटे व सायंकाळी, दुर्बिणीतून आणि पुरेशा अंतरावरून हे दृश्य पाहता येते. बिळाजवळ माणसाचा वावर वाढला की मादी पिले दुसरीकडे हलविते व त्या धावपळीत पिले दगावण्याचा धोका असतो. म्हणून बिळाचा ठावठिकाणा प्रकट न करणे हा अभ्यासकांनी पाळलेला संकेत आहे.

परदेशांतही असे निरीक्षण रूढ झाले आहे. जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून १८७२ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील यलोस्टोनमध्ये १९२६ पर्यंत लांडगे संपविण्यात आले होते. १९९५ व १९९६ मध्ये कॅनडातून आणलेले ३१ लांडगे तेथे सोडण्यात आले. आता वसंतात निद्रावासातून बाहेर पडलेली अस्वले आणि लांडगे पाहण्यास तेथील लमार खोऱ्यात लोकांची रीघ लागते. यलोस्टोनचे क्षेत्र सु. ९,००० चौ. किमी. आहे. कर्जतच्या लांडग्याला असे विस्तीर्ण राखीव घर नाही. उलट, तो माणसांच्या वस्तीतून कधी पूर्णपणे गेलाही नाही.

मेंढपाळ व लांडगा : लांडग्याच्या एका कळपाचे वावरक्षेत्र शंभराहून अधिक चौ. किमी. असू शकते. साहजिकच २·१७ चौ. किमी.चे अभयारण्य एकाही कळपाला पुरत नाही. लांडगा येथे केवळ येतो-जातो. त्याचे खरे जीवन गायराने, पडीक माळ, ओढे आणि ज्वारीची शेते यांत चालते, आणि त्याचे अन्न पुष्कळ अंशी शेळ्यामेंढ्या हेच असते. रब्बीची काढणी झाल्यावर खतासाठी धनगरांची मेंढरे शेतात बसविली जातात. रात्री ती वाघरीच्या जाळ्यात कोंडून कुत्री राखणीस ठेवतात. तरीही लांडगा एखादे कोकरू नेतो. काही मेंढपाळ हा लांडग्याचा वाटा मानून सोसतात; परंतु ज्याचा सगळा संसार कळपावर आहे, त्याला हे नुकसान क्षुल्लक नसते. नुकसानभरपाईची सरकारी तरतूद आहे. परंतु तिच्यासाठी पंचनामा लागतो आणि सतत फिरतीवर असणाऱ्या मेंढपाळास तो वेळेवर करून घेणे अवघड जाते.

आजची स्थिती : नान्नज परिसरातील लांडग्यांचा अभ्यास सतीश कुमार, असद रहमानी, बिलाल हबीब इ. शास्त्रज्ञांनी केला आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार भारतीय लांडगा ही करड्या लांडग्यांच्या हयात शाखांपैकी अतिप्राचीन शाखा ठरते. यादवेंद्रदेव झाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये देशातील त्याची संख्या सु. ३,१०० असल्याचा अंदाज मांडला. बारमाही सिंचन, माळांवर केलेली झाडांची लागवड, औद्योगिक वसाहती व रस्ते यांमुळे गवताळ प्रदेश तुकड्यातुकड्यांत विभागला जात आहे. भटक्या कुत्र्यांमुळे रोगांचा प्रादुर्भाव होतो, तसेच संकरही होतो. पुण्याजवळील लांडगा-कुत्रा संकराला २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दुजोरा दिला. पुणे वनविभागाने इंदापूर व बारामती तालुक्यांतील गवताळ प्रदेशांत पर्यटकांसाठी मार्गदर्शित सहली सुरू केल्या असून त्यांत स्थानिक तरुणांना काम मिळते.

चार दशकांत रेहेकुरीने काळवीट राखला, हे या छोट्या अभयारण्याचे यश होय. लांडगा राखण्याचे काम त्याच्या सीमेबाहेर, गावाच्या गायरानांत व मेंढपाळांच्या वाड्यांभोवती व्हावयाचे आहे. ती गायराने गवताची राहिली आणि मेंढपाळाला त्याच्या नुकसानीचा मोबदला वेळेवर मिळाला, तरच साइक्सने जेथे या प्राण्याला शास्त्रीय नाव दिले, त्या दगडाळ माळावर तो पुढेही नांदू शकेल.