कोंबड्याचें जुनें शास्त्र

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. कोल्हापूरचे शिलाहार त्याचे मांडलिक. तेव्हां हा ग्रंथ आम्हांस परका नव्हे. त्यांत गजविनोद, मल्लविनोद यांच्या पंक्तीस कुक्कुटविनोदही आहे. परंतु त्याचा रोख झुंजीवर, राजाच्या करमणुकीवर! पंचगंगेकांठची शेतकरीण मात्र खुडूक कोंबडी ओळखून तिला टोपलींत अंड्यांवर बसवी, अंडें दिव्यापुढें धरून पारखी, आणि एकविसाव्या दिवशीं पिलांची वाट पाही. अंड्यांच्या पैशांवर तिचें तेलमीठ चाले. आमच्या मतें शास्त्र तेंही होतें. पण तें सासूकडून सुनेकडे तोंडींच गेलें. दरबारच्या पंडितांस तें लिहावेंसें वाटलें नाहीं, आणि तिला लिहितां येत नव्हतें.