मोंतोनेचा पाडलेला किल्ला

आमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीत होते. गडांच्या गोष्टी निघाल्या, की रायगड-लिंगाण्याच्या पाठोपाठ ते इटलीतल्या एका गावाचं नाव घ्यायचे : मोंतोने. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, डोंगरमाथ्यावर, तटाच्या आत वसलेलं गाव. ‘‘तट आहे, वेशी आहेत, पण बालेकिल्ला म्हणशील तर नुसते अवशेष. तो पडला नाही, पाडलाय,’’ ते सांगायचे. गडांच्या मुलखात वाढलेल्या माणसाची ती पारख होती. पुढे मी इतिहास वाचला, तेव्हा ती खरी निघाली.

हा किल्ला फोर्तेब्राच्चो घराण्याचा. त्यातला ब्राच्चो १३६८ साली जन्मला. त्या काळी इटलीतली शहरं पगारी सेनापतींच्या जोरावर लढत, आणि ब्राच्चो त्यांतला अव्वल. १४१६ मध्ये तो पेरूजाचा धनी झाला. त्रासिमेनो तळ्याचं पाणी चढून काठची शेतं बुडत, म्हणून त्यानं जमिनीखालून पाट काढला. मुत्सिओ स्फोर्त्सा हा त्याचा जुना जोडीदार आणि पुढचा वैरी. १४२४ च्या जानेवारीत पेस्कारा नदीत बुडणाऱ्या हुजऱ्याला वाचवताना स्फोर्त्सा वाहून गेला; जूनमध्ये लाक्विलाच्या लढाईत ब्राच्चो घायाळ होऊन मेला. पोप मार्टिन पाचवा याचा राग इतका, की ब्राच्चोला रोममध्ये पवित्र न केलेल्या जमिनीत पुरलं. त्या पोपच्या पश्चात भाच्यानं अस्थी पेरूजाला आणल्या.

मुलगा कार्लो व्हेनिसच्या चाकरीत गेला. तिथून त्यानं येशूच्या काटेरी मुकुटातला म्हणून पुजला जाणारा एक काटा गावात आणला. गुड फ्रायडेला हा काटा फुलतो, असं तिथली वडीलधारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली. पोप सिक्स्टस चौथा यानं पंधराव्या शतकातच किल्ला जमीनदोस्त करवला, तरी काट्याचा उत्सव आजही दर ऑगस्टला होतो आणि तीन वेशींचे तीन मोहल्ले त्यात चुरशीनं उतरतात. तलवारीवर जगलेल्या घराण्याची आठवण गावानं एका काट्यात जपली.

आजोबांचंही तसंच. रणातली मारामारी ते सांगत नसत. नाव मात्र एक घेत : नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातले. १० जुलै १९४४ ला याच खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे साथीदार मशीनगनच्या माऱ्यात मेले किंवा घायाळ झाले. घाडगे एकटे धावून गेले. हातबॉम्बनं त्यांनी मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. नवं मॅगझिन चढवायला उसंत नव्हती, तेव्हा बंदुकीच्याच फटक्यांनी उरलेल्या दोघांना लोळवलं. तिथेच शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय अवघं बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

२०२३ मध्ये मोंतोनेनं त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असं त्याचं ब्रीद आहे. त्या गावानं आपल्या मुलखातल्या पोराची गोष्ट स्वतःच्या गोष्टींत सामावून घेतली. म्हणून मी घरातल्या मुलांना रायगडानंतर ब्राच्चो, कार्लो आणि त्या काट्याचीही गोष्ट सांगतो. ज्या मातीत आपला माणूस पडला, तिचा इतिहास परका मानायचा नसतो.