घोडबंदर रस्त्यावरचा दावा

२० जुलै १९५७. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास बेस्टच्या एका ड्रायव्हरने दिवसभर चालवलेली बस जोगेश्वरी डेपोत लावली. घर सांताक्रूझला. घरी जाण्यासाठी तो बेस्टच्याच दुसऱ्या बसमध्ये चढला. विलेपार्ल्याजवळ, इर्ला गल्लीच्या आसपास, रस्त्यावर एक लॉरी वेडीवाकडी उभी होती. बस तिच्यावर आदळली आणि तो बाहेर फेकला गेला. सहा दिवसांनी, २६ जुलैला, रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला.

अपघाताची ही जागा न्यायालयाच्या कागदपत्रांत ‘घोडबंदर रोड’ अशी नोंदलेली आहे. आज घोडबंदर रोड म्हटले की डोळ्यांसमोर ठाण्याचा रस्ता येतो: माजिवडा, मानपाडा, कासारवडवली, गायमुख. पण मुंबईच्या पश्चिम उपनगरांतून घोडबंदरकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्याचेही नाव तेच होते. पुढे त्याला स्वामी विवेकानंद मार्ग म्हणू लागले. खाडीकाठच्या एकाच बंदराने दोन्ही रस्त्यांना आपले नाव दिले. कामाला जाता-येता होणाऱ्या अपघातांच्या भरपाईचा इतिहास सांगायचा तर त्यातले एक मोठे प्रकरण याच नावाच्या रस्त्यावर घडले आहे.

त्या ड्रायव्हरच्या पत्नीने मुंबईच्या कामगार नुकसानभरपाई आयुक्तांकडे अर्ज केला. आधार होता १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचा. हा कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्याआधी १८५५ चा प्राणघातक अपघात कायदा होता, पण त्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागे. गिरणीत पट्ट्यात सापडून मेलेल्या माणसाच्या घरच्यांनी मालकाची चूक शोधायची कुठून? नव्या कायद्याने ही अट काढून टाकली. अपघात नोकरीतून आणि नोकरीच्या ओघात घडला असेल, तर मालकाने भरपाई द्यायची. वाद झालाच, तर तो दिवाणी न्यायालयात न नेता आयुक्तांपुढे न्यायचा.

कायद्याने दार उघडले, पण ‘नोकरीच्या ओघात’ या शब्दांवर पुढची शंभर वर्षे भांडण चालले. नोकरी संपते कुठे? फाटकाशी? पाळीचा भोंगा झाला की? की घराच्या उंबरठ्यावर?

आयुक्तांनी अर्ज फेटाळला. ड्युटी संपली होती, बस लावून झाली होती, तेव्हा अपघात नोकरीच्या ओघातला नाही, असे त्यांचे मत पडले. बाई थांबल्या नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा बेस्ट सर्वोच्च न्यायालयात गेली. १० मे १९६३ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने बेस्टचे अपील फेटाळले. बहुमताचे निकालपत्र न्या. के. सुब्बाराव यांनी लिहिले, तर न्या. रघुवर दयाळ यांचे मत वेगळे पडले.

निकालातला विचार आजही वाचण्याजोगा आहे. कारखान्याला कुंपण असते, पण शहरभर बस चालवणाऱ्या संस्थेचे कुंपण कुठे आखायचे? शहरभर धावणारा सगळा ताफा हीच तिची कामाची जागा, असे बहुमताने मानले. गणवेशातल्या ड्रायव्हरला बेस्टच्या बसमधून मोफत प्रवास करता येई. ती कोणाची मेहरबानी नव्हती. ड्रायव्हर वेळेवर कामावर यावा आणि थकला की घरी पोचावा, यात सेवेचाच लाभ होता. म्हणून घरी नेणारी ती बस त्याच्या नोकरीचाच भाग ठरली.

सगळ्यांनाच असे यश आले नाही. सौराष्ट्रातल्या मिठागराचे कामगार खाडी ओलांडताना नाव उलटून बुडाले. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या घरच्यांना भरपाई नाकारली, कारण ती वाट सगळ्या लोकांची होती आणि तिथे नोकरी अजून सुरू झाली नव्हती. कर्मचारी राज्य विमा योजनेतही हाच पेच होता. कारखान्यापासून सुमारे एक किलोमीटरवर सायकलवरून जाताना लॉरीने धडक दिलेल्या एका कामगाराचा दावा १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फेटाळला गेला. शेवटी २०१० मध्ये संसदेने राज्य विमा कायद्यात कलम ५१-ई घातले. घर ते काम आणि काम ते घर या प्रवासातला अपघात, वेळ-जागा-परिस्थितीचा नोकरीशी संबंध दिसला, तर नोकरीतलाच मानायचे ठरले. पण ही सोय फक्त विमा योजनेतल्या कामगारांची होती. १९२३ च्या कायद्याखाली येणाऱ्यांचे काय?

त्याचे उत्तर मराठवाड्यातून आले. २२ एप्रिल २००३ च्या रात्री एका साखर कारखान्याचा पहारेकरी मोटारसायकलवरून कामावर निघाला होता. पाळी पहाटे तीन ते सकाळी अकरा. कारखाना पाच किलोमीटरवर राहिला असताना अपघातात तो गेला. मागे पत्नी, चार मुले आणि आई. उस्मानाबादच्या आयुक्तांनी २००९ मध्ये ३ लाख २६ हजार १४० रुपये आणि त्यावर १२ टक्के व्याज मंजूर केले. कारखान्याच्या विमा कंपनीने अपील केले आणि २०११ मध्ये उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. मनोज मिश्रा आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने आयुक्तांचा आदेश पुन्हा कायम केला. रात्रीच्या पाळीला वेळेवर पोचण्यासाठीच तो माणूस त्या वेळी त्या रस्त्यावर होता. कलम ५१-ई चा अर्थ १९२३ च्या कायद्यालाही लागू पडतो, असे न्यायालयाने ठरवले. अपघात ते निकाल, बावीस वर्षे.

ही बावीस वर्षे मनाला लागतात. भरपाई देय झाल्यापासून महिन्याच्या आत द्यायची, असे कायदाच सांगतो. २००९ च्या दुरुस्तीने दावा तीन महिन्यांत निकाली काढण्याची मुदतही घातली. मालकाला अपील करायचे तर मंजूर रक्कम आधी आयुक्तांकडे भरावी लागे, अशी तरतूद फार जुनी होती. पोराबाळांच्या तोंडचा घास कोर्टाच्या तारखांत अडकू नये, हा हेतू कायदा करणाऱ्यांच्या मनात स्पष्ट होता. तो पाळला गेला नाही.

आजच्या ठाण्याच्या घोडबंदर रोडवर एका बाजूला मेट्रोचे खांब, दुसऱ्या बाजूला चाळीस-चाळीस मजल्यांच्या इमारती. १० सप्टेंबर २०२३ रोजी बाळकुममधल्या अशाच एका इमारतीत गच्चीवरचे काम आटोपून खाली येणाऱ्या कामगारांची लिफ्ट कोसळली आणि सात जण गेले. अशा कामावरची बरीच माणसे ठेकेदाराची असतात आणि घर दूरच्या गावी असते. त्यांच्यासाठी जुन्या कायद्यातल्या दोन गोष्टी मोलाच्या होत्या. ठेकेदाराचा माणूस असला तरी मुख्य मालकाकडे भरपाई मागता येई. आणि १९९५ च्या दुरुस्तीनंतर वारसांना आपण राहतो तिथल्या आयुक्तांकडेही अर्ज करता येऊ लागला. शिवाय बाजू मांडायला वकीलच हवा असे नव्हते, नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारीही चाले. हक्क सोडल्याच्या कागदावर सही-अंगठा घेतला, तरी तो करार कायद्याने रद्दबातल होता.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९२३ चा कायदा तिच्यात सामावला गेला. घर ते काम या वाटेवरचा अपघात आता संहितेच्या शब्दांतच आला आहे. अट तीच: वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसला पाहिजे. म्हणून अशी वेळ कोणा घरावर आली, तर मालकाच्या किंवा विमा कंपनीच्या नकाराच्या पत्रावर थांबू नये. पाळीचा कागद, हजेरी, निघाल्याची वेळ, पोलिसांचा पंचनामा, सोबत असलेल्या माणसांची नावे, सगळे जपून ठेवावे आणि मुदतीत सुनावणी मागावी. इर्ल्याजवळ गेलेल्या त्या ड्रायव्हरच्या पत्नीलाही पहिल्या पायरीवर नकारच मिळाला होता.